डावा पाय

वहीच्या पहिल्या पानावर माझंच कोवळं अक्षर:
म्हाद्या. डावा पाय लंगडा. टाच टेकत नाही.
भुवईत खूण, तीही डावीच. विडी उजव्या हातात.
टेम्पो हिरवा, मागचा दिवा फुटका.
ते साल एक्याण्णव. सानपसाहेब म्हणाले होते,
पोरी, मी विसरेन. तू विसरू नकोस.

विसरणं आमच्या घरात नव्हतंच.
वडील नाशिक रोडच्या छापखान्यात, नोटा तपासायला.
एक आकडा सरकला की अख्खा ताव बाद.
भोंगा झाला की घरी येत,
कपाचा कान रोज खिडकीकडे करून चहा पीत.
मी त्यांचीच.
फक्त माझ्या हाती नोटांऐवजी
एक माणूस आला, दर दोन-तीन वर्षांनी
तोच छापायचा.

दुसऱ्या भागालाही साहेबच होते.
शेवटी म्हाद्याची आई जाते.
रामकुंडावर पहाटे चारला, गर्दी जमायच्या आत,
आम्ही तिच्या अस्थी सोडल्या.
कणीक आणि कोळशाच्या होत्या,
तरी श्रीरंग बोरस्ते खरोखर रडले
आणि घाटावरच्या एका म्हातारीने त्यांना पाणी दिलं.
त्याच थंडीत साहेब गेले.
तिथे मात्र काही बनावट नव्हतं.

तिसऱ्याला पुण्याहून चांदोरकर.
म्हणाले, लंगडणं जरा उजव्या पायाने येऊ दे,
कॅमेरा त्या बाजूला आहे.
मी वही उघडली.
त्यांनी ती हलकेच मिटली,
झोपलेल्या मुलाच्या हातातलं पुस्तक मिटावं तशी.

चौथ्याला निर्मात्यांचे जावई.
टेम्पो लाल झाला.
आणि आई परत आली!
ओट्याशी उभी, भाकरी थापत, सुनेवर डाफरत.
मी म्हटलं, अहो, आपण अस्थी सोडल्यात.
जावई म्हणाले, लोकांना आई आवडते.
याला उत्तर माझ्या वहीत नव्हतं.

पाचव्याला जाहिराती करणारा एक पोरगा, ईशान.
त्याने पाय बराच करून टाकला.
खूण पुसली, विडी काढली,
संध्याकाळच्या उन्हात पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवरून
म्हाद्याला धावत वर नेला.
मावशी, म्हणाला, प्रत्येकाचा म्हाद्या वेगळा.
मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.
आता सांगायला हरकत नाही,
सगळ्यांत देखणा तोच भाग होता.
साहेबांना असं ऊन कधी सापडलं नाही.

पण शुक्रवारी, भद्रकालीच्या टॉकीजात,
म्हाद्या पहिली पायरी चढला न चढला
तोच पुढच्या रांगेतून कुणी ओरडलं,
'डावा रे! डावा पाय!'
थिएटर क्षणभर गप्प.
मग बाल्कनीतून दुसरा,
'आईसारखा पायही परत आला वाटतं!'
आणि हशा, शिट्ट्या, चिवड्याच्या पुड्या हवेत.
मी अंधारात वही छातीशी धरून बसलेली.
त्यांच्याकडे वही नव्हती.
सतरा वर्षं, चार डोकी, एक पाय,
आणि त्यांच्याकडे वही नव्हती.

सहावा निघालाच नाही.

परवा बोरस्ते दिसले,
गंगापूर रोडला, हाडाच्या डॉक्टरांच्या जिन्यावर.
गुडघा गेलाय. उजवा.
मुलीने एका बाजूने धरलेलं.
मला पाहिलं, थांबले,
मुलीचा हात सोडवला,
कठडा धरून उरलेल्या चार पायऱ्या
डावा पाय ओढत उतरले.
दुखणारा सारा भार दुखऱ्यावरच.
घामाघूम होऊन म्हणाले,
घे लिहून.

टाच टेकत होती.
तेवढं मी लिहिलं नाही.